जीपीएस बंद, डाकोटा चालू: कराची ते मद्रास व्हाया सांबरा

घरच्या कॉम्प्युटरवर, विमान उडवायच्या सिम्युलेटरवर, जुनं विमान लांबवर न्यायचं असेल तर जीपीएस बंद करा, हे मी पहिलंच सांगून टाकतो. स्क्रीनवर तरंगणारी गावांची नावं, कोपऱ्यातला तो छोटा नकाशा, सगळं बंद. घड्याळ, होकायंत्र, कागदाचा नकाशा आणि पेन्सिल एवढ्यावर गेलं तरच त्या विमानात बसल्यासारखं होतं, नाहीतर मग एअरबस काय आणि डाकोटा काय, सारखंच की. मी असं कराची ते मद्रास केलं, मध्ये आमच्या सांबऱ्याला, म्हणजे बेळगावच्या विमानतळावर, थांबा घेऊन, आणि त्यात काय काय करावं लागलं ते जरा सविस्तर लिहितो, कुणाला करायचं असेल तर उपयोगी पडेल.

कराची-मद्रासच का, तर १५ ऑक्टोबर १९३२ ला जे. आर. डी. टाटा कराचीच्या ड्रिघ रोड विमानतळावरून टपाल घेऊन निघाले, अहमदाबादला पेट्रोल भरलं, मुंबईला जुहूला उतरले, आणि पुढं ते टपाल नेव्हिल व्हिन्सेंट यांनी बळ्ळारीमार्गे मद्रासला पोचवलं. लंडनचं टपाल इंपीरियल एअरवेज कराचीपर्यंत आणायची, तिथून पुढची सोय ही. विमान होतं पस मॉथ, एकच इंजिन, १२० हॉर्सपॉवर, वेग ताशी शंभर मैलांच्या आसपास, आणि रेडिओ नाही. अहमदाबादला पेट्रोलचे डबे बैलगाडीतून आणले होते. हे वाचल्यापासून माझ्या डोक्यात एकच चाललेलं, की खाली कच्छचं रण, वर आभाळ, रेडिओ नाही, तर माणूस बरोबर अहमदाबादला पोचतो कसा? वाचताना "पोचले" एवढाच शब्द असतो, कसे पोचले ते करून बघितल्याशिवाय डोक्यात शिरत नाही.

विमान मी डाकोटा घेतलं, म्हणजे डीसी-३. मायक्रोसॉफ्टच्या सिम्युलेटरला २०२२ मध्ये चाळीस वर्षं झाली तेव्हा त्यांनी जी जुनी विमानं दिली त्यात हे होतं, आणि त्याचं जुन्या पद्धतीचं कॉकपिट मला फार आवडतं. शिवाय डाकोटा आणि टपाल हे नातं काही मी जुळवलेलं नाही, १९४९ ला रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली तेव्हा चारी दिशांची विमानं नागपूरला एकत्र येऊन पोती बदलायची, त्यात डाकोटाच होते. सांबरा मात्र माझी हौस. १९३२ ला तिथं धावपट्टीच नव्हती, ती दुसऱ्या महायुद्धात १९४२ च्या सुमारास झाली. जुहू ते बळ्ळारी सरळ रेघ ओढली तर ती मिरजेच्या पूर्वेकडून जतच्या बाजूनं जाते, ती सांबऱ्याकडं वाकवली तर जेमतेम सत्तावीस नॉटिकल मैल (एक म्हणजे १.८५ किलोमीटर) वाढतात, डाकोटाला बारा मिनिटं. घरावरून न जाता पुढं जाणं मला जमलं नसतं.

तयारीतलं सगळ्यात महत्त्वाचं काम नकाशाचं. अमेरिकन सैन्यानं १९५० च्या दशकात भारताचे अडीच लाखांत एक या प्रमाणाचे नकाशे छापलेत, टेक्सास विद्यापीठाच्या ग्रंथालयानं ते नेटवर फुकट ठेवलेत. ते उतरवून घेतले, झेरॉक्सच्या दुकानात मोठे छापले, चिकटपट्टीनं जोडले आणि शाळेच्या कंपासपेटीतला कोनमापक घेऊन रेघा ओढल्या. कराची-अहमदाबाद ३१९ नॉटिकल मैल, दिशा ११०, म्हणजे उत्तरेपासून घड्याळाच्या काट्याप्रमाणं मोजलेले अंश. अहमदाबाद-जुहू २३९, जवळजवळ सरळ दक्षिण. जुहू-सांबरा २२०, दिशा १५२. सांबरा-बळ्ळारी १३८, दिशा १०८. बळ्ळारी-मद्रास २३१, दिशा १२४. आपल्याकडं होकायंत्राचा आणि खऱ्या उत्तरेचा फरक अंश-दीड अंशाचा असतो, तो मी सोडून दिला. प्रत्येक रेघेवर दहा-दहा मिनिटांच्या खुणा केल्या, वेग १४० नॉट्स, म्हणजे ताशी १४० नॉटिकल मैल, धरून. हा १४० वेगाच्या काट्यावर दिसत नाही बरं का, साडेसात हजार फुटांवर हवा विरळ असते, काटा सव्वाशे दाखवतो तेव्हा विमान हवेतून खरं १४० नं जात असतं. साधारण दर हजार फुटांना दोन टक्के वाढवायचे, हा हिशेब डोक्यात पक्का बसवा, नाहीतर घड्याळ आणि जमीन जुळतच नाही.

मशीनचं फार लिहीत नाही. सिम्युलेटर जमिनीचे फोटो नेटवरून ओढतो म्हणून नेट चांगलं पाहिजे, आणि लाईट गेली की अर्धं उड्डाण वाया, त्यामुळं यूपीएस पाहिजेच. पायाचे पेडल घ्या, जॉयस्टिक साधी असली तरी चालेल. शेपटीला चाक असलेलं विमान पेडलशिवाय धावपट्टीवर सरळ धरणं फार अवघड.

इंजिन चालू करण्यावर मात्र मी मुद्दाम वेळ घालवला. एक बटण दाबून सगळं आपोआप चालू होतं, तसं करू नका. उजवं इंजिन आधी, कारण दरवाजा डाव्या बाजूला आहे. थ्रॉटल (इंजिनची ताकद कमी-जास्त करणारा दांडा) जरासं उघडं, मिक्स्चर (पेट्रोल-हवेचं प्रमाण ठरवणारा दांडा) पूर्ण बंद, पंपानं पेट्रोलचा दाब आणायचा, प्रायमरनं सिलिंडरमध्ये थोडं पेट्रोल सोडायचं, मग स्टार्टरचं आतलं चाक गरगर फिरू द्यायचं, त्याचा तो चढत जाणारा आवाज ऐकायचा आणि मग ते इंजिनला जोडायचं. पंखा सावकाश फिरायला लागला की पाती मोजायची, थोडी फिरली की ठिणगी देणारे मॅग्नेटो चालू. एखादा सिलिंडर पेटतो, मग दुसरा, निळसर धूर येतो, सगळं विमान थरथरतं, तेवढ्यात मिक्स्चर वर सरकवायचं. चौदा सिलिंडर गोलात बसवलेत, इंजिन बंद असताना खालच्या सिलिंडरमध्ये तेल उतरून साठतं, म्हणून आधी पंखा फिरवून खात्री करायची पद्धत. हे कळलं की पाती मोजण्याला अर्थ येतो.

कराचीहून सकाळी निघालो. वीसेक मिनिटांत सिंधू ओलांडली, डाव्या हाताला ठठ्ठा, आणि त्यानंतर पाऊण तास काहीच नाही. खरंच काही नाही. खाड्यांच्या रेषा, मग राखाडी, मग पांढरं. डाकोटात स्पेरी कंपनीचा जुना ऑटोपायलट आहे, तो दिशा धरतो पण ज्या गायरोवर (गरगर फिरणाऱ्या भोवऱ्यासारख्या यंत्रावर) धरतो तो गायरोच हळूहळू सरकतो, त्यामुळं दर पंधरा मिनिटांनी होकायंत्र बघून तो जुळवायचा, आणि होकायंत्रही विमान सरळ आणि एका वेगात असतानाच खरं बोलतं, वळणात त्याच्यावर विश्वास नाही. माझ्या रेघेप्रमाणं एक तास सहा मिनिटांनी कच्छचा काळा डुंगर उजव्या हाताला पाच मैलांवर दिसायला पाहिजे होता. वेळेवर दिसला, पण डावीकडं, मैलभरावर. म्हणजे उत्तरेच्या वाऱ्यानं आम्हाला सहा मैल दक्षिणेला ढकललेलं.

आता इथं तो साठाचा नियम कामाला येतो, आणि मला हा सगळ्या प्रवासातला सगळ्यात सुंदर भाग वाटतो. साठ मैलांत एक मैल बाजूला गेलात तर चूक एक अंशाची. आम्ही १५४ मैलांत सहा मैल गेलो, म्हणजे सव्वादोन अंश. एवढं डावीकडं वळवलं की रेघेला समांतर होतो. उरलेल्या १६५ मैलांत ते सहा मैल भरून काढायचे, म्हणजे आणखी सव्वादोन. एकूण साडेचार अंश डावीकडं, संपलं. कॅलक्युलेटर नाही, काही नाही. अहमदाबाद पंखाच्या टोकाला न येता नाकासमोर आलं तेव्हा मी खुर्चीतून उठून उभा राहिलो. १९३२ चं ते "पोचले" म्हणजे काय ते त्या क्षणी कळलं.

अहमदाबाद-जुहूला विशेष काही नाही, सुरतेनंतर किनारा धरून यायचं. फक्त जुहू आणि सांताक्रूझ अगदी शेजारी आहेत हे लक्षात ठेवा. १९५३ ला बीओएसी या ब्रिटिश कंपनीचं कॉमेट आणि १९७२ ला जपान एअरलाइन्सचं डीसी-८, दोन्ही सांताक्रूझ समजून जुहूच्या छोट्या पट्टीवर उतरलेत, खरे पायलट, खरी विमानं. मी आधी समुद्राकडून एक फेरी मारली, दोन्ही पट्ट्या नीट ओळखल्या, मगच उतरलो.

जुहू-सांबऱ्याला मामांना शेजारी बसवलं. मामांनी आयुष्यभर लॉरी चालवली, बेळगावची भाजी मुंबईला, पी.बी. रोडचा, म्हणजे पुणे-बंगळूर हायवेचा, दगड न् दगड पाठ. त्यांच्या हातात नकाशा, पेन्सिल आणि मोबाईलचं स्टॉपवॉच दिलं. "मला काय कळतंय रे यातलं," म्हणाले, पण चष्मा काढून पुसला आणि बसले सरसावून. ही रेघ फार नशीबवान आहे, अर्ध्या तासानं बरोबर महाडवरून जाते, रायगड डाव्या हाताला राहतो, मग घाट चढून कोयनेवर आणि तिथून थेट पन्हाळ्यावर. घाटावर ढग होते. साडेसात हजार फूट मी यासाठीच धरलेले, महाबळेश्वरचा माथाच चार हजार सातशे फुटांचा, ढगात खाली घुसायचं नाही. पन्नास मिनिटं झाली, मामा म्हणाले, "वेळ झाली की, कुठं हाय तुझी कोयना?" आणि ढगाच्या फटीतून खाली लांबलचक पाणी चमकलं. मामा नकाशात बघतात तर तिथं तलावच नाही, नुसती नदीची निळी रेघ. नकाशा धरणाच्या आधीचा. मामा थोडा वेळ काहीच बोलले नाहीत, मग म्हणाले, "म्हणजे ह्या पाण्याखालची गावं ह्या कागदावर हाईत." त्यांनी बोटानं एकेक नाव वाचलं. मी विमान सरळ धरून ठेवलं.

पन्हाळ्यापासून पुढं मामाच कॅप्टन. पन्हाळा ते सांबरा अर्धा तास, आणि नद्या एकामागून एक रेघेला आडव्या येतात, पंचगंगा, दूधगंगा, वेदगंगा, हिरण्यकेशी, घटप्रभा, मार्कंडेय. वाट मोजायला याहून चांगलं काय पाहिजे! प्रत्येक नदीला मामा वेळ लिहायचे, दोन नद्यांतलं अंतर मी नकाशावर मोजायचो, त्यावरून जमिनीवरचा खरा वेग निघायचा, १४० ऐवजी १३४, म्हणजे समोरून थोडा वारा. डाव्या हाताला हायवे सोबतीला होताच. "ही निपाणी. हा तवंदी घाट, इथं रात्री गाडी तापायची. हे संकेश्वर. आता वंटमुरी येईल बघ, वंटमुरी उतरलं की काकती आणि काकती आली की घर." आणि तसंच, त्याच क्रमानं, सगळं येत गेलं. चाळीस वर्षं खालून बघितलेला रस्ता माणूस वरून पहिल्यांदा बघतोय आणि एकही ठिकाण चुकत नाही, हे मला माझ्या सगळ्या आकडेमोडीपेक्षा मोठं वाटलं.

सांबरा समुद्रसपाटीपासून सुमारे अडीच हजार फुटांवर आहे, हे उतरताना विसरून चालत नाही. उंचीचा काटा साडेतीन हजार दाखवतो तेव्हा जमीन फक्त हजार फूट खाली असते. वारा पश्चिमेचा, म्हणून पश्चिमेकडं तोंड असलेल्या सव्वीस नंबरच्या पट्टीवर, उजवीकडं किल्ल्याचा खंदक दिसला, पूर्वेला जाऊन वळलो, समोर सगळं बेळगाव. नव्वद नॉट्स, पुढची दोन चाकं आधी टेकवायची, शेपूट वरच ठेवायची आणि वेग उतरेल तशी आपोआप खाली येऊ द्यायची, तेवढ्या वेळात पाय पेडलवर सारखे नाचते पाहिजेत. मामांनी स्टॉपवॉच बंद केलं आणि आत मामीला हाक मारली, "अगं, आलो आम्ही सांबऱ्याला!"

पुढं बळ्ळारी सोपं. सौंदत्तीजवळ मलप्रभेचं धरण डावीकडं, गदग उजवीकडं, कोप्पळ नाकाखाली आणि मग तुंगभद्रेचा प्रचंड जलाशय. हे धरण १९५३ चं, व्हिन्सेंटना इथं नुसती नदी आणि खडकाळ टेकड्या दिसल्या असणार, त्यामुळं आपल्याला खूण शोधणं त्यांच्यापेक्षा कितीतरी सोपं. बळ्ळारी-मद्रासला पूर्वेचा वारा समोरून लागला, वेळ वाढला, पण पेट्रोलची काळजी नाही, डाकोटात आठशे गॅलनवर मावतं आणि तासाला शंभरच्या आत लागतं.

आपल्या भागातल्या कुणाला सुरुवात करायची असेल तर एकदम कराचीला जाऊ नका. सांबरा ते कोल्हापूरचं उजळाईवाडी विमानतळ घ्या, ५२ नॉटिकल मैल, दिशा ३३९, डाकोटानं बावीस-तेवीस मिनिटं, संकेश्वर-निपाणीचा हायवे जवळजवळ पायाखालीच राहतो. पहिल्यांदा वारा शून्य ठेवा. मग पश्चिमेचा दहा नॉट्स लावा आणि निघायच्या आधी कागदावर काढा, नाक किती अंश डावीकडं ठेवायचं. उत्तर चारच्या आसपास आलं की निघा.