हजार विड्या म्हणजे किती तास?

मागच्या महिन्यात सुट्टीला जर्मनीहून सोलापूरला आलो होतो तेव्हाचं हे. दुपारी शेजारच्या मावशींच्या ओट्यावर टेकलो होतो, त्यांच्या मांडीवर सूप, सुपात पानं-तंबाखू, बोटं आपली चाललेली, आणि मान वर न करताच विचारलं, "तिकडं हॉटेलात भांडी घासणाऱ्याला काय देतात रे?" म्हटलं कमीत कमी १३.९० युरो, तासाला. शंभरनं गुणा. तेव्हा कुठं हात थांबला. "तासाला?"

पैशांचं त्यांना एवढं नव्हतं (आणि जर्मनीत घरभाडं पगाराचा केवढा लचका तोडतं ते मी सांगितलंच), त्या अडल्या 'तासाला' वर. कारण त्यांची मजुरी हजार विड्यांवर, आणि पानं भिजवून कातरण्यापासून रात्री कट्टे बांधेपर्यंत वेळ किती जातो ते कुणी मोजतच नाही, वर माल द्यायला गेलं की छाट, म्हणजे नापास विड्या निघतात, त्यांचे पैसे नाहीत.

गंमत म्हणजे किमान वेतनाचा कायदा आपल्याकडं १९४८ पासून आहे. जर्मनीत सगळ्या देशाला एक किमान दर लागला तो १ जानेवारी २०१५ ला, ८.५० युरो. ६७ वर्षं उशिरा! आधी युनियन आणि मालक बसून धंद्याधंद्याचे दर ठरवायचे, भागायचं. नव्वदनंतर युनियनचा जोर ओसरला, पुढं 'मिनी जॉब'चं, म्हणजे महिन्याला ठरावीक रकमेपर्यंतच कमाई होईल अशा छोट्या कामांचं पेव फुटलं, आणि तळातले लोक मागंच राहिले. कायदा येताना लाखो नोकऱ्या जाणार म्हणून मोठमोठ्या अर्थतज्ज्ञांनी बोंब ठोकलेली. तसं काही झालं नाही. मिनी जॉब घटले हे खरं, पण तळातली मजुरी वाढली, आणि बरेच जण जरा बऱ्या पगाराच्या, मोठ्या कंपन्यांत सरकले. २०२२ च्या ऑक्टोबरात सरकारनं दर एकदम १२ वर नेला.

पण माझ्या मते खरी मेख तपासणीत आहे. तिथं हे तपासायला कोण येतं माहितीये? कस्टमवाले! शिकत असताना मी एका रेस्टॉरंटात भांडी घासायचो, मालक आधी तासांची नोंद बंद करायला लावायचा आणि मग फरशी पुसून घ्यायचा, फुकट. एका संध्याकाळी युनिफॉर्ममधले चौघे थेट किचनमध्ये. प्रत्येकाला बाजूला घेऊन किती वाजता आलास, किती देतात, तासांची वही दाखव. दंड पाच लाख युरोपर्यंत जाऊ शकतो म्हटल्यावर पुढच्या आठवड्यापासून फरशीपण वहीत आली. हॉटेलात खोलीमागं पैसे देतात काही ठिकाणी, म्हणजे आपल्या हजारीसारखंच, पण हिशेब तासाच्या किमान दराखाली आला तर फरक मालकानं भरायचा. पळवाटा तिथंही काढतात, नाही असं नाही.

हे सगळं ऐकून मावशींनी नातीला मोबाईलवर घड्याळ लावायला सांगितलं. दोन कट्टे, पन्नास विड्या. अर्धा तास होऊन वर चार मिनिटं झाली. मी मनातल्या मनात वीसनं गुणत होतो तेवढ्यात त्या म्हणाल्या, "थांब, पानं कातरायचं धरलंच नाही की. पहिल्यापासून लाव गं."