आमची वाटचाल : एका लांबलेल्या पट्ट्यापासून

आमचा धंदा सुरू झाला तो एका फसलेल्या पिशवीमुळे. वहिनी विणायची, मी शिवायचे, दोघींचं आपापलं चाललेलं. तिनं जाड लोकरीची एक खांद्यावरची पिशवी विणून मैत्रिणीला भेट दिली. महिनाभरानं मैत्रीण ती घेऊन आली आणि हसत म्हणाली, ‘‘बघा, मी काहीच केलं नाही हं!’’ दोन पुस्तकं आणि पाण्याची बाटली ठेवली की पट्टा ताणला जाऊन पिशवी गुडघ्याला लागत होती.

विणलेलं कापड ताणणारच. प्रत्येक टाका म्हणजे एक फासा, ओढला की लांबतो. स्वेटरला हाच गुण हवा असतो, पिशवीचं मात्र त्यानं वाटोळं होतं. मी पट्ट्याच्या आतून घट्ट विणीची सुती पट्टी शिवली. अस्तर पिशवीपेक्षा उंचीला दोन सेंटिमीटर आखूड बेतलं आणि सुती पट्टीची टोकं थेट अस्तरात पक्की केली. आता सामानाचं ओझं अस्तर झेलतं आणि विणकाम बाहेरून नुसतं मिरवतं. हे मी वहिनीला असंच सांगितलं, ते तिला फारसं आवडलं नाही. पण पिशवी टिकली. मैत्रिणीच्या ओळखीतून आणखी चार पिशव्यांची मागणी आली आणि आम्ही दोघी एका टेबलावर काम करू लागलो.

पुढे लोकर आटवून नमद्यासारख्या घट्ट पिशव्या करायचं वेड लागलं. लोकरीच्या तंतूवर बारीक खवले असतात. गरम पाणी, साबण आणि घुसळण मिळाली की ते एकमेकांत अडकतात आणि कापड आटून जाड होतं. वहिनीनं तीन आठवडे खपून एक भली मोठी पिशवी विणली, मशीनमध्ये घातली आणि ती बाहेर आली तशीच्या तशी! पुन्हा घातली, पुन्हा तेच. मग वेष्टन नीट वाचलं. ‘मशीनमध्ये धुता येते’ असं लिहिलेली लोकर होती ती. अशा लोकरीचे खवले आधीच बोथट केलेले किंवा झाकलेले असतात, ती आटणार कुठून? दुसरा धडा मापाचा. लोकर आटते ती रुंदीपेक्षा उंचीत जास्त, त्यामुळे आमच्या पहिल्या तीन पिशव्या बुटक्या आणि ऐसपैस झाल्या. आता लोकर नवी आली की आधी २० बाय २० सेंटिमीटरचा तुकडा विणतो, आटवतो, मोजतो आणि मगच पिशवी विणायला घेतो.

मग एक मोठी ऑर्डर आली. एकाच रंगाच्या, एकाच मापाच्या शिवलेल्या पिशव्या, त्याही खूप. पैसे हवे होते, आम्ही घेतली. खोटं कशाला बोलू, त्या सहा आठवड्यांत मला मशीनचा आवाजही नको झाला होता. ऑर्डर गेली आणि खोलीत उरला कापडाच्या पट्ट्यांचा ढीग. त्यातूनच, तुकडे जोडून, आमची पहिली क्विल्ट झाली.

नंतर वाचनात आलं की असं आमच्या आधीही घडलं होतं. अमेरिकेत अलाबामात कृष्णवर्णीय स्त्रियांनी १९६६ मध्ये ‘फ्रीडम क्विल्टिंग बी’ ही सहकारी संस्था काढली. १९७२ मध्ये तिला ‘सिअर्स’ या मोठ्या दुकानांच्या साखळीकडून कॉर्डरॉयचे उशांचे अभ्रे शिवायचं मोठं काम मिळालं. अभ्रे सगळे एकसारखे, पण उरलेल्या कॉर्डरॉयमधून त्या बायकांनी ज्या क्विल्ट केल्या त्यांतली एकही दुसरीसारखी नाही. हे मी वहिनीला वाचून दाखवलं. ‘‘अगं, म्हणजे चिंध्या फेकायच्या नाहीत,’’ एवढंच म्हणाली.

क्विल्ट म्हणजे गोधडीच की, असं लोक म्हणतात आणि ते खरंच आहे. वरचं कापड, मधला थर, खालचं कापड, आणि तिन्ही धरून ठेवणारा धावदोरा. पण भिंतीवर टांगायची म्हटली की ती वेगळी वागते. पहिलीला मी कडेकडून टीप घालत आत आले, सगळी घडी मध्ये गोळा झाली आणि तिथे फुगवटा आला. पूर्ण उसवली. टीप मधूनच सुरू करायची आणि बाहेर सरकत जायचं, हे तेव्हापासून डोक्यात पक्कं. उरेब, म्हणजे धाग्याला तिरके, कापलेले तुकडे कडेला ठेवले तर क्विल्टचं स्वतःचं वजनच त्यांना खाली ओढतं, म्हणून कडेला सरळ धाग्याचं कापड आणि वर गोट. पाठीमागे वरच्या काठाला चार इंच रुंद कापडी बोगदा शिवतो. त्यातून दांडी जाते आणि वजन दोन कोपऱ्यांवर न पडता सगळ्या रुंदीत वाटलं जातं.

लाल रंगानं एकदा रडवलं. तयार क्विल्ट धुतली आणि पांढऱ्यावर गुलाबी डाग. मीठ, व्हिनेगर, सगळं करून पाहिलं. दुकानातून आणलेल्या सुती कापडाचा जादा रंग त्यानं पक्का होत नाही, तो धुवूनच काढावा लागतो. शेवटी क्विल्ट वाळू न देता भरपूर गरम पाण्यात साबण घालून रात्रभर बुडवून ठेवली, दोनदा. डाग गेले. आता गडद कापड कापण्याआधीच धुतो.

‘‘भिंतीवर कशाला, पांघरायची वस्तू ना ती?’’ हा प्रश्न अजून येतो. १९७१ मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात जोनाथन होल्स्टाइन आणि गेल व्हॅन डर हूफ यांनी जमवलेल्या क्विल्ट चित्रांसारख्या भिंतीवर लावल्या होत्या, हे मी सांगते. काहींना पटतं. ज्यांना पटत नाही ते पिशवी घेऊन जातात, तेही बरंच. कारण हिशेब सरळ आहे : आम्ही दोघी प्रत्येक कामाचे तास वहीत लिहितो, आणि क्विल्टच्या तासांचा पूर्ण मोबदला क्वचितच वसूल होतो. पिशव्या घर चालवतात. क्विल्ट वर्षाला तीन, फार तर चार.

पिशव्यांची दुरुस्ती आम्ही कायम करून देतो. मागच्या आठवड्यात खूप जुनी एक आली. अस्तर तळाशी झिजून आरपार झालेलं, विणकाम मात्र जसंच्या तसं. वहिनीनं ती माझ्यासमोर ठेवली आणि चहा करायला गेली. नवं अस्तर मी आजच बेतलं.