तोरणमाळ ते बोर्डी, मागे घर जोडून

गाडीमागे जोडायचा ट्रेलर ह्यांनी पसंत केला, पण शहाद्याहून बोर्डीच्या समुद्रापर्यंतचा रस्ता मी ठरवणार, ही अट आधीच घातली होती. दोन माणसं झोपतील, मागचं झाकण उचललं की ओटा आणि शेगडी, एवढंच ते घर. गल्लीतल्या पोरांनी त्याचं नाव 'डबा' ठेवलंय.

ह्यांचा पहिला हट्ट तोरणमाळचा. शहाद्याच्या माणसाला डोंगर म्हटलं की तेच आठवणार. म्हसावद, राणीपूर इथपर्यंत ठीक आहे, पण पुढे सातपायरी घाट. त्या वळणांवर समोरून गच्च भरलेली जीप आली, तर ट्रेलर घेऊन मागे कोण जाणार? तेव्हा तोरणमाळला नुसती गाडी न्यायची, यशवंत तलाव नि सीताखाई बघून खाली यायचं, आणि डबा दुसऱ्या दिवशी घरूनच जोडायचा. हे म्हणाले, "मग डोंगर ते समुद्र कसं म्हणायचं?" म्हटलं, सापुतारा काय सपाटीवर आहे?

पुढचा मार्ग असा: प्रकाशाला तापी ओलांडून नंदुरबार, मग छडवेल, ब्राह्मणवेलच्या पवनचक्क्यांमधून साक्री, पिंपळनेर, ताहाराबाद, सटाणा, कळवण, अभोणा, हतगड, सापुतारा. नवापूरवरून गेलं तर लवकर पोहोचतो, पण हायवेवर ट्रकच्या मागे रांगत जायला डबा कशाला हवा?

खरी मेहनत वजनाची. भरलेला ट्रेलर भुईकाट्यावर नेला, ७६० किलो. मग किराणा दुकानातला काटा मागून आणला, हुकाकडचं टोक त्यावर टेकवलं, तर जेमतेम ४० भरलं. एकूण वजनाचा दहावा हिस्सा तरी हुकावर यायला हवा. बोजा चाकांच्या मागे गेला की वेगात ट्रेलर शेपटीसारखा डोलायला लागतो. पाण्याचे कॅन आणि गॅसची टाकी पुढच्या कप्प्यात हलवली, पीठ-तांदळाचे डबेही पुढे. काटा ८० वर आला. तेवढ्यात सासूबाईंनी बिबड्यांचा, म्हणजे ज्वारीच्या पापडांचा डबा मागच्या बाजूला ठेवला. तो राहू दिला, बिबड्यांना वजन ते किती!

रिव्हर्स शिकवायला शेजारचे आबा आले. जन्मभर केळीच्या ट्रॉल्या बांधावरून मागे घेतलेला माणूस. "वहिनी, हात खाले धरा," एवढंच त्यांचं शिक्षण. स्टिअरिंग खालून धरायचं, ट्रॉलीचा मागचा भाग जिकडे न्यायचा तिकडे हात सरकवायचा. थोडंथोडंच, आणि ट्रॉली मुडपायला लागली की लगेच पुढे घेऊन सरळ करायची. खळ्यात विटा मांडून सराव केला. मला जमलं. हे अजून विटा पाडतात, पण ते मी लिहिलेलं त्यांना कळणार नाही.

सापुताऱ्याहून उतरताना गाडी मीच चालवणार. शामगहान, वघई असा उतार आहे. वरूनच खालचा गिअर टाकायचा आणि इंजिनला धरू द्यायचं. सतत ब्रेकवर पाय ठेवला की ब्रेक तापतात, आणि मागे डबा ढकलत असताना ते परवडणारं नाही. वघईजवळचा गिरा धबधबा बघायचा. पावसाळा संपून फार दिवस झालेले नसले तर पाणी असतं. मग वांसदा, चिखली, तिथून मोठा हायवे भिलाडपर्यंत, आणि उंबरगाववरून बोर्डी.

बोर्डीला वाळूवर ट्रेलर उभा करायचा ह्यांचा बेत मी मोडून काढलाय. ओहोटीला समुद्र लांब जातो, वाळू घट्ट दिसते, पण त्यात चाक रुतलं की ट्रॅक्टर शोधत फिरा. एखाद्या चिकूच्या वाडीत रात्रभर जागा मिळते का, ते फोनवर विचारणं चालू आहे. समुद्राला सुरूच्या झाडांमधून चालत जाऊ, दोन पावलं जास्त पडली म्हणून काय झालं!

कापसाची दुसरी वेचणी उरकली की निघायचं. काल सासूबाई म्हणाल्या, "मीबी येस." डब्यात दोघांचीच जागा आहे. ह्यांच्यासाठी तंबू बघतेय.