नदीकडे पाठ केलेले घर

आमच्या घराच्या मागच्या खोलीत भिंतीचा एक चौकोन बाकीच्या भिंतीपेक्षा किंचित फुगीर आहे आणि त्यावरचा रंग कितीही वेळा दिला तरी वेगळा दिसतो. तिथे पूर्वी खिडकी होती. अंबाझरी तलावाच्या सांडव्यावरून नागपूर शहरात शिरणारी नाग नदी आमच्या कुंपणाच्या पलीकडून वाहते आणि ही खिडकी तिच्या बाजूला उघडत असे. १९९४ साली घर वाढवताना बाबांनी ती विटांनी बुजवून घेतली, कारण उन्हाळ्यात येणारा वास आजीला सहन होत नव्हता. मी तेव्हा शाळेत होते आणि खिडकी गेल्याचे मला जराही वाईट वाटले नाही, कारण आमच्या पिढीच्या तोंडी तो ‘नाला’ होता. नदी म्हणणारी घरात एकटी आजीच होती. ती या घरी सून म्हणून आली तेव्हा काठावर गोधड्या धुतल्या जात आणि अधिकाच्या महिन्यात बायका पहाटे स्नानाला जात, असे ती सांगायची. ज्या नदीवरून शहराला नाव मिळाले तिलाच त्या शहरातली मुले नाला म्हणत मोठी झाली, याची खंत मला फार उशिरा वाटू लागली.

२२ सप्टेंबर २०२३ रोजी आमच्याकडे महालक्ष्म्यांचे जेवण होते. रात्री उशिरा पाहुणे गेले आणि मध्यरात्रीनंतर पाऊस सुरू झाला. काही तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळला, अंबाझरी ओसंडून वाहू लागली आणि पहाट होण्याआधी आमच्या बैठकीत कमरेएवढे पाणी होते. आईने दोन्ही मुखवटे छातीशी धरून माळ्यावर नेले. शहरात त्या रात्री माणसे दगावली आणि हजारो घरांत चिखल शिरला. त्या तुलनेत आमचे नुकसान थोडे होते, त्यामुळे त्याविषयी अधिक लिहीत नाही. पाणी ज्या रेषेत आले ती मात्र मी विसरू शकत नाही. नदी फुगली की तिला पसरायला लागणारी जी जागा होती, तिच्यावरच आमची वस्ती उभी आहे, आणि त्या रात्री ती तेवढ्याच जागेत पसरली.

खरा धक्का त्यानंतर दोन महिन्यांनी बसला. फरशा उखडून नव्या बसवायच्या होत्या म्हणून प्लंबरला बोलावले. सांदवाडीत, म्हणजे घरालगतच्या अरुंद बोळात, खोदताना त्याने मला हाक मारली आणि एक जुना पाइप दाखवला. १९९४ मध्ये वाढवलेल्या भागातले न्हाणीघर, संडास आणि मोरी यांचे सगळे पाणी गडर लाईनला, म्हणजे सांडपाण्याच्या वाहिनीला, जोडलेलेच नव्हते. ते बाजूच्या पावसाळी नालीत जात होते आणि ती नाली वीस पावलांवर थेट नदीत उघडत होती. ज्या वर्षी वासाला कंटाळून आम्ही खिडकी बुजवली, त्याच वर्षी त्या वासात आमचा वाटाही आम्ही घातला होता. आजी आता हयात नाही. तिला हे कधी कळले नाही, याचे मला समाधान वाटावे की दुःख, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

तेव्हापासून आमच्या नळाच्या पाण्याचा पुढचा आणि मागचा प्रवास मी समजून घेऊ लागले. नागपूरचे पिण्याचे पाणी मुख्यतः पेंच प्रकल्पातून आणि कन्हान नदीतून येते. ते आम्ही वापरतो आणि आमच्यासारख्या घरांतून ते नाग नदीत उतरते. शहरातून सुमारे १७ किलोमीटर वाहिल्यावर नाग पुढे पिवळी नदीला मिळते, मग कन्हानला आणि कन्हान आंभोऱ्याला वैनगंगेला. म्हणजे कन्हानकडून स्वच्छ घेतलेले पाणी आम्ही कन्हानलाच घाण करून परत देत होतो. आंभोऱ्याच्या संगमाला नागपूर-भंडाऱ्याकडच्या कुटुंबांत मोठा मान आहे. महाशिवरात्रीला आम्हीही कितीतरी वेळा तिथे गेलो आहोत, डोक्यावर पाणी घेतले आहे, चैतन्येश्वराचे दर्शन घेतले आहे. त्याच पाण्याला आता गोसेखुर्द धरणात अडलेल्या पाण्याची फुग आहे, त्यामुळे जे वाहून येते ते तिथेच थबकते.

सांडपाण्यातील सडणारे पदार्थ जिवाणू खातात आणि ते खाताना पाण्यात विरघळलेला प्राणवायू संपवतात, म्हणून अशा पाण्यात मासा तग धरत नाही. साबण आणि मैल्यातील नत्र व स्फुरद यांवर जलपर्णी माजते, सूर्यप्रकाश अडवते आणि मरून पुन्हा तेच पाणी नासवते. माझी मावशी वैनगंगेच्या काठच्या गावी राहते. तिच्या शेजारचे ढिवर काका गेल्या वर्षी मला म्हणाले, “बाई, जाळ्यात मासोळी कमी अन् पाला जास्त येते.” त्यांनी हे तक्रारीच्या सुरात सांगितले नाही, आणि मी नागपूरहून आले आहे हे त्यांना माहीत होते.

ही दुरुस्ती अशक्य नाही, हे मला त्याच भागातील मामा तलावांमुळे पटले. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात हे मामा, म्हणजे माजी मालगुजारी, तलाव हजारोंच्या संख्येने आहेत आणि त्यांतले अनेक कोहळी समाजाने काही शतकांपूर्वी बांधले. १९५०च्या कायद्याने मालगुजारी, म्हणजे तिथली जमीनदारी, संपली आणि तलाव सरकारकडे गेले. ते योग्यच झाले, परंतु दरवर्षी गाळ काढणारे, पाळ राखणारे, पाणी कुणाला किती हे बसून ठरवणारे हातही हळूहळू बाजूला झाले. तलाव गाळाने भरले आणि काठावर बेशरम नावाचे तण वाढले. गेल्या काही वर्षांत काही गावांतल्या मासेमार संस्थांनी आणि बायकांनी बेशरम मुळासकट उपटली, तळात स्थानिक पाणवनस्पती लावल्या, आणि गावठी मासोळ्यांना घर करायला जागा मिळाली. निसर्गाशी नाते म्हणजे मनातली भावना, अशी माझी समजूत होती. ते वर्षातून ठरलेल्या दिवसांत, ठरलेल्या जागी, गुडघाभर चिखलात उतरून करायचे काम आहे, हे त्या बायकांकडे पाहून मला उमगले.

आमचा पाइप गडर लाईनला जोडून घेण्यासाठी अर्ज, शुल्क आणि बरीच धावपळ करावी लागली. आता ते पाणी भांडेवाडीच्या प्रक्रिया केंद्राकडे जाते. तिथे शुद्ध केलेले बरेचसे पाणी कोराडीच्या वीज केंद्राला दिले जाते, आणि तेवढे स्वच्छ पाणी धरणात वाचते. आमच्या ओळीतील आणखी काही घरे नालीलाच जोडलेली निघाली. दोघांनी जोडणी बदलली. तिसऱ्या घरच्या काकू म्हणाल्या, “नदीसाठी एवढी मोठी योजना येऊन राहिली ना, मग आपण कशाला खोदायचं?” नाग नदी शुद्ध करण्याची ही योजना सुमारे दोन हजार कोटी रुपयांची आहे आणि ती व्हायलाच हवी, पण तिच्या मोठ्या वाहिनीपर्यंत पाणी पोहोचायचे तर ते आधी आमच्या सांदवाडीतून योग्य पाइपात शिरले पाहिजे, असे मी त्यांना सांगितले. त्यांनी अजून होकार दिलेला नाही. मी दिवाळीनंतर पुन्हा त्यांच्याकडे जाणार आहे.

गेल्या महिन्यात मिस्त्री बोलावून मागची खिडकी उघडली. विटा निघाल्या तेव्हा आत जुन्या चौकटीचे लाकूड अजून शाबूत होते. वास अजून येतो, दुपारी जास्त येतो, तेव्हा आई खिडकी लावून घेते. सकाळी मी उघडते. समोरच्या दगडावर बहुतेक रोज एक ढोकरी, म्हणजे छोटा बगळा, बसलेली असते आणि ती त्या काळ्या पाण्यात काहीतरी शोधत असते.