न भरणारी जखम आणि मनावरचा ताण

जखम लवकर भरत नाही म्हटल्यावर आपण मलम बदलतो, रक्तातली साखर तपासतो. मनाची विचारपूस मात्र क्वचितच होते. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जॅनिस किकोल्ट-ग्लेसर आणि सहकाऱ्यांच्या १९९५ सालच्या अभ्यासात, स्मृतिभ्रंश झालेल्या नातेवाइकांची शुश्रूषा करणाऱ्या स्त्रियांच्या त्वचेवरील ३.५ मिलिमीटरची जखम भरायला इतर स्त्रियांपेक्षा सरासरी ९ दिवस अधिक लागले. तणावात वाढणारे कॉर्टिसॉल हे संप्रेरक जखम भरण्यासाठी सुरुवातीला लागणाऱ्या दाहप्रक्रियेला आवर घालते, हे त्यामागचे एक कारण मानले जाते. शिवाय पाझर, दुर्गंधी आणि रात्रीची ठणक यांमुळे रुग्ण लोकांत मिसळणे टाळतो, झोप गमावतो आणि खिन्न होतो. ड्रेसिंगच्या नुसत्या धास्तीनेही (ही बाब फार दुर्लक्षित आहे) वेदना वाढते. म्हणून ड्रेसिंगच्या किती आधी वेदनाशामक घ्यावे, हे डॉक्टरांना अवश्य विचारावे.