आठ वर्षांची चौकट

१४ डिसेंबर २००८, रविवार. २६/११ होऊन तीन आठवडेही झाले नव्हते. मुंबईतल्या आमच्या मराठी दैनिकाचं पहिलं पान रोज कसाब, तपास आणि पाकिस्तान यांनीच भरत होतं. त्या दिवशी मात्र चेन्नई कसोटीत सेहवागने ६८ चेंडूंत ८३ झोडल्या होत्या आणि रात्रपाळीला बऱ्याच दिवसांनी जरा हसणं-खिदळणं चालू होतं. तेवढ्यात बगदादची बातमी आली.

इराकचे पंतप्रधान नुरी अल-मलिकी यांच्यासोबत अमेरिकेचे अध्यक्ष जॉर्ज बुश पत्रकार परिषदेत उभे होते. मुंतधर अल-झैदी नावाच्या टीव्ही पत्रकाराने पायातला बूट काढला आणि त्यांच्यावर भिरकावला. मग दुसरा. हा विधवांकडून आणि अनाथांकडून, असं तो ओरडत होता. बुश चपळाईने वाकले. दुसऱ्या बुटाला मलिकींनी हात आडवा घातला. नंतर बुशसाहेबांनी बूट दहा नंबरचा होता, अशी माहितीही पुरवली! जोडे मारो आंदोलनं आम्हाला नवी नाहीत, पण आपल्याकडे जोडे फोटोला बसतात.

'बुशला बूट' हा मथळा कोणीतरी सुचवायचाच होता, तो सुचवला गेला. चीफ सबने, म्हणजे मुख्य उपसंपादकाने, तो तिथल्या तिथे मारला आणि मला म्हणाला, "फोटो पान एकवर. खाली बुशच्या आठ वर्षांच्या कारकिर्दीची चौकट दे. चौदा ओळी, जास्त नको."

मी फ्लोरिडापासून सुरुवात केली. २०००ची अध्यक्षीय निवडणूक, तिथल्या सुमारे ६० लाख मतांत बुश यांना अल गोर यांच्यावर ५३७ची आघाडी, फेरमोजणी सर्वोच्च न्यायालयाने थांबवलेली, तीही पाच विरुद्ध चार अशी. मग ११ सप्टेंबर, आणि गॅलपच्या पाहणीत बुश यांच्या पाठीशी ९० टक्के अमेरिका. अफगाणिस्तान, सरकारला पाळतीचे जादा अधिकार देणारा पेट्रियट कायदा, दहशतवादाच्या संशयितांसाठीचा ग्वांटानामो तुरुंग. इराकवर हल्ला, सर्वसंहारक अस्त्रं आहेत म्हणून. ती सापडली नाहीत. इराकमधल्या अबू गरीब तुरुंगातल्या छळाचे फोटो. वॉरंटशिवाय फोन टॅपिंग. कट्रिना. लेहमन बँक बुडाल्यावर ७०० अब्ज डॉलरचं बचाव पॅकेज. इराकमध्ये ४,२०० हून अधिक अमेरिकी सैनिक मृत, आणि पाठिंबा २५ टक्क्यांवर.

शेजारच्या सहकाऱ्याने खांद्यावरून वाचलं. "सगळं खरं रे, पण ११ सप्टेंबरनंतर तिकडे तसा हल्ला पुन्हा झाला नाही, हे कुठंय? आपल्याकडे बघ काय झालंय."

त्या पंधरवड्यात लोकलमध्ये आणि चॅनेलवर हेच चाललं होतं : अमेरिकेने करून दाखवलं, आपण मेणबत्त्या लावतोय. आम्ही निम्मेअधिक लोक सीएसटीवरूनच ये-जा करणारे. त्याला उत्तर द्यायला माझी जीभ उचलेना. आणि वाक्य खोटं नव्हतंच. घेतलं. मात्र त्याला लागूनच दुसरंही टाकलं : ११ सप्टेंबरच्या कटात इराकचा हात असल्याचा पुरावा मिळाला नाही. पहिलं एकटं सोडलं असतं, तर आपल्या वाचकाने त्या रात्रीच्या रागात काय वाचलं असतं, हे सांगायला नको.

ओळी झाल्या सतरा. वर चीफने भारताशी झालेला अणुकरार घुसवला. "कट्रिना काढ," तो म्हणाला. "वादळ आहे ते."

मी अडून बसलो. अठराशेहून अधिक माणसं गेली, आणि न्यू ऑर्लिन्सच्या सुपरडोममध्ये हजारो माणसं दिवसेंदिवस अडकून पडली, ती काही ओसामा किंवा सद्दाममुळे नव्हे. उलट तीन वर्षं अणुकरार छापूनच आपली शाई संपली होती, तोच काढू.

"आपला वाचक आधी तोच शोधणार," चीफ म्हणाला.

शेवटी दोन्ही राहिलं. पेट्रियट कायदा आणि टॅपिंग एका ओळीत कोंबलं, पॅकेजचा आकडा गेला आणि फ्लोरिडा अख्खं उडालं. मला ते पटलं नाही, आजही पटत नाही. ती ५३७ मतं इकडची तिकडे झाली असती तर खालच्या निम्म्या ओळी कदाचित लिहाव्याच लागल्या नसत्या, असं मी म्हणून पाहिलं.

"अल गोरवर लिहिशील तेव्हा घे," चीफ म्हणाला आणि त्याने पान छपाईला सोडलं.