आत्यासाठी जागा शोधताना: पुण्याभोवतीचे वृद्धाश्रम पाहून आल्यावर

आमची आत्या निवृत्त शिक्षिका. लग्न केलं नाही, कोथरूडला लिफ्ट नसलेल्या सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर एकटी राहते. पार्किन्सन्स होऊन काही वर्षं झाली. चोवीस तासांच्या बाया ठेवून झाल्या, पण एकही फार दिवस टिकली नाही. शेवटी तीच म्हणाली, "मला आता माणसांत राहायचंय. पण मी स्वतः बघणार, मगच हो म्हणणार." म्हणून या पावसाळ्यात ती, दादा आणि मी पुण्याच्या चहूबाजूंचे वृद्धाश्रम बघत फिरलो. पुढे ज्यांना हीच वाट चालायची आहे त्यांच्यासाठी लिहिते आहे. संस्थांची नावं देत नाही. व्यवस्थापक किंवा दोन चांगल्या मावशी सोडून गेल्या की तीच जागा काही महिन्यांत ओळखू येत नाही. त्यामुळे माझ्या शिफारशीवर जाण्यापेक्षा काय बघायचं ते कळलेलं बरं.

सगळ्यात महत्त्वाचं आधीच सांगते. अंथरुणाला खिळलेली, बोलू न शकणारी माणसं जिथे ठेवतात ती खोली बघितल्याशिवाय कुठेही होकार देऊ नका. हिंडती-फिरती माणसं पाणी मागून घेतात, तक्रार करतात, घरी फोन लावतात. जिला कूसही वळता येत नाही तिच्याशी कसं वागतात त्यावरून संस्था कळते. आपलं माणूस आज चालत आत गेलं तरी कधीतरी त्याच खोलीत पोचणार आहे.

पहिल्यांदा सातारा रस्त्याने गेलो. कात्रजचा बोगदा ओलांडून, खेड शिवापूरच्या टोलनाक्याच्या अलीकडे आत वळलो. जागा देखणी होती. गणपतीचं देऊळ, कारंजं, प्रत्येक खोलीला गॅलरी, खाली हॉलमध्ये भजन चाललेलं. चहा आला, माहितीपत्रक आलं, आत्याला खुर्ची आली. "बेडरिडन पेशंट कुठे असतात?" असं दादाने विचारलं तेव्हा उत्तर मिळालं, "वरच्या मजल्यावर. इन्फेक्शनमुळे पाहुण्यांना वर सोडत नाही." संसर्गाची काळजी घ्यावीच. पण मास्क लावून, हात धुऊन, दारात उभं राहून बघू द्या, एवढंच आम्ही मागत होतो. तेही नाही म्हणाले. आत्या उठली आणि काठी घेऊन गाडीकडे चालू लागली. मला तिचा निर्णय शंभर टक्के पटला. ज्या घराचा एक मजला दाखवता येत नाही तिथे कारंज्याचं काय करायचं?

पुढची फेरी मुळशीच्या बाजूला. चांदणी चौकातून भूगाव, पिरंगुट, पौड. डोंगर, हिरवाई, शांतता, आणि खरंच मनापासून काम करणारे एक नवरा-बायको. इथे आम्हाला सगळं दाखवलं. आजींचे केस विंचरलेले, चादरी स्वच्छ. मग बोलता बोलता वीज गेली, आणि शेवटच्या पलंगाखालचा एअर मॅट्रेसचा पंप बंद पडला. सतत झोपून राहिल्याने होणाऱ्या जखमा, म्हणजे शय्याव्रण, होऊ नयेत म्हणून ही गादी वापरतात. तिच्यातली हवा आलटूनपालटून भरत राहिली तरच तिचा उपयोग. ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरलाही वीज लागते. इन्व्हर्टर होता, पण त्यावर फक्त दिवे-पंखे चालत होते. जनरेटर "घ्यायचाय" म्हणाले. मुळशीच्या पावसात वीज किती वेळा जाते हे तिथल्या कुणालाही विचारा. शिवाय अतिदक्षता विभाग असलेलं हॉस्पिटल गाठायचं तर भूगाव-पिरंगुटच्या गर्दीतूनच यायचं. संध्याकाळी परतताना आम्हीच तिथे बराच वेळ अडकलो. छातीत दुखणारं माणूस मागच्या सीटवर असतं तर? त्या जोडप्याबद्दल मला आदर आहे, आणि ज्यांचं माणूस चालतंफिरतं आहे त्यांना ती जागा आवडेलही. आत्यासाठी नको वाटली. जिथे जाल तिथून जवळच्या मोठ्या हॉस्पिटलपर्यंत एकदा संध्याकाळी सहाच्या सुमारास गाडी चालवून बघा. नकाशावरच्या किलोमीटरवरून ते कळत नाही.

वाघोलीच्या बाजूलाही जाऊन आलो. तिथलं फारसं सांगण्यासारखं नाही, पण एक गोष्ट सांगायलाच हवी. झोपून असलेल्या प्रत्येकाला दर दोन तासांनी कुशीवर वळवल्याचा तक्ता भिंतीला लावला होता. पद्धत चांगली. आम्ही दुपारी बाराला उभे होतो आणि तक्त्यावर चार वाजेपर्यंतच्या सह्या झालेल्या होत्या. तुम्हीही तक्ता दिसला की आधी घड्याळ बघा. मग विचारा, "आत्ता कुणाला शय्याव्रण आहे का?" कुणालाच नाही असं पटकन सांगणाऱ्यापेक्षा "एका आजोबांना आहे, हॉस्पिटलमधूनच घेऊन आले, माकडहाडाजवळ, रोज ड्रेसिंग करतो" असं सांगणारा मला जास्त विश्वासाचा वाटतो.

तळेगावला मात्र आम्ही मुद्दाम लोकलने गेलो. शिवाजीनगरहून लोणावळा लोकल, तळेगाव स्टेशनवरून रिक्षा. यामागे विचार होता. आम्ही दोघं नोकरी करणारे, आमच्यातल्या एकाकडेच गाडी. जिथे बस किंवा लोकलने सहज जाता येत नाही तिथे पहिले काही महिने उत्साहाने जाणं होतं, नंतर महिन्यातून एकदा, मग सणावारी. भेटायला येणारं कुणी आहे हे कर्मचाऱ्यांना माहीत असणं हाच आपल्या माणसाचा मोठा आधार असतो, म्हणून प्रवासाची सोय निकषांत फार वर ठेवा.

तिथली इमारत जुनी, रंग उडालेला, बाग म्हणजे चार कुंड्या. पण दारातून आत जाताच मावशींनी आत्याला "या काकू" म्हणून थेट तिच्याशीच बोलायला सुरुवात केली. बाकी ठिकाणी सगळे आमच्याशी बोलत होते, "यांना शुगर आहे का?", "या स्वतः जेवतात का?", आणि आत्या शेजारी बसलेली. आतल्या खोलीत आठ पलंग होते. प्रत्येकाच्या हाताला येईल असा पाण्याचा पेला, त्यात स्ट्रॉ. हे मी आवर्जून बघत होते, कारण वारंवार डायपर बदलायला नको म्हणून काही ठिकाणी पाणीच कमी देतात. ओठ कोरडे, जीभ चिकटलेली दिसली तर समजून जा. नखं कापलेली होती. चष्मे नाकावर होते, कपाटात नव्हते. एका आजींची कवळी डबीत, डबीवर नाव. कुणाचे हात पलंगाला बांधलेले नव्हते. दुपारच्या वेळी सगळा वॉर्ड गाढ झोपलेला दिसला तर औषधांबद्दल जरूर विचारा. इथे दोघी जाग्या होत्या आणि एक मावशी तिसरीला वरणभात भरवत होती, बसून, घाई न करता. उभ्याने घास कोंबणारी माणसं मी आधीच्या ठिकाणी पाहिली होती. म्हाताऱ्या माणसाच्या श्वासनलिकेत घास गेला तर न्यूमोनिया होऊ शकतो.

वासाबद्दल सगळेच बोलतात. लघवीचा ताजा वास कुठेही येणार, माणसं राहतात तिथे. मुरलेला वास गादीत, पडद्यांत असतो आणि त्यावर भरपूर फिनेल मारलेलं असतं. गादीजवळ वाकून बघायला लाजू नका.

आत्याच्या आजारासाठी आमचा एक खास प्रश्न होता. पार्किन्सन्सवरची लेव्होडोपाची गोळी ठरलेल्या वेळीच द्यावी लागते, आणि शक्यतो जेवणाच्या अर्धा तास आधी. उशीर झाला की तिचं अंग लाकडासारखं ताठ होतं, घास गिळता येत नाही. बहुतेक ठिकाणी औषधं जेवणाच्या पंगतीबरोबर, ट्रॉलीवर वाटतात. "सात, अकरा, तीन, सात अशा वेळा पाळाल का?" या प्रश्नाला बाकी सगळीकडे "हो हो, होऊन जाईल" असं उत्तर आलं. तळेगावच्या सिस्टरनी वही उघडून दाखवली. दुसऱ्या एका काकांच्या अशाच वेळा, मोबाइलला गजर लावलेला, आणि एका दिवशी वीस मिनिटं उशीर झाल्याची नोंदही होती. शिवाय त्यांनीच सांगितलं की उलटीसाठी सर्रास दिलं जाणारं मेटोक्लोप्रामाइड पार्किन्सन्समध्ये चालत नाही, ते फाइलवर लाल शाईने लिहून द्या. तुमच्या माणसाचा आजार जो असेल त्यातला असा एक नेमका प्रश्न घेऊन जा. मधुमेह असेल तर रात्री शुगर उतरली तर काय करता, इन्सुलिन कुठल्या फ्रिजमध्ये ठेवता. स्मृतिभ्रंश असेल तर संध्याकाळी घरी जायचा हट्ट धरल्यावर काय करता.

सकाळी वेळ घेऊन गेलात तर दुसऱ्यांदा संध्याकाळी सातनंतर, न कळवता जा. आम्ही तळेगावला तसे गेलो. रात्रीच्या पाळीला किती माणसं, आणि ती जागी असतात का, हे तेव्हाच कळतं. "चोवीस तास मावशी आहेत" याचा अर्थ पुष्कळदा तीच बाई दिवसरात्र तिथे आणि रात्री तिथेच झोपलेली, असा असतो. बारा तासांच्या दोन पाळ्या असाव्यात. रात्रीचं जेवणही बघा. सहाला जेवण आणि सकाळी आठला चहा म्हणजे चौदा तास उपाशी. झोपताना दूध-बिस्कीट देतात का ते विचारा. संडास-बाथरूममध्ये स्वतः जा, आधाराचा दांडा धरून हलवून बघा. एका ठिकाणी तो माझ्या हातात निघायचा बाकी होता. अग्निशामकाच्या नळकांड्यावरची मुदतीची तारीख वाचा.

पैशांचं थोडक्यात. आम्हाला सांगितलेले दर महिना २०,००० ते ५०,००० रुपयांच्या दरम्यान होते, अनामत वेगळी. डायपर, फिजिओथेरपी, हॉस्पिटलात सोबत थांबणारी बाई यांचे पैसे बहुतेक सगळीकडे निराळे, तेव्हा मागच्या महिन्याचं एखादं खरं बिल नाव झाकून दाखवा म्हणायचं. अनामत किती दिवसांत परत, माणूस हॉस्पिटलात असताना पूर्ण महिना लावणार का, रात्री तब्येत बिघडली तर नातेवाइकांची वाट बघणार की थेट नेणार, मृत्यूनंतर दाखला कोणते डॉक्टर देणार, हे सगळं करारात लेखी हवं. शेवटचा प्रश्न आत्यानेच विचारला, अगदी सहज. संस्था ट्रस्ट असेल तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खालचा नोंदणी क्रमांक पावतीवर बघा. देणगी किंवा मृत्युपत्राची गोष्ट प्रवेशाच्या वेळीच काढणाऱ्यांपासून दूर राहा. निवृत्तिवेतन असेल तर नोव्हेंबरमध्ये हयातीच्या दाखल्याची काय सोय आहे तेही विचारा. आत्याच्या बोटांचे ठसे यंत्रावर उमटत नाहीत, पण आता मोबाइलवर चेहरा दाखवून जीवन प्रमाणपत्र होतं, आणि ते करून देणारं कुणी तिथे हवं. कुठे छळ किंवा हयगय दिसली तर ज्येष्ठांसाठीचा १४५६७ हा क्रमांक विनाशुल्क आहे, सकाळी आठ ते रात्री आठ.

आत्याने तळेगावला महिनाभर राहून बघायचं ठरवलंय. कोथरूडचं घर बंद करायचं नाही, भाड्यानेही द्यायचं नाही, ही तिची अट, आणि ती योग्यच आहे. तुम्हीही परतीचा रस्ता लगेच मोडू नका. कपड्यांवर, चष्म्याच्या घरावर, चपलांवर नाव घाला. सोन्याच्या बांगड्या घरीच ठेवा. दाखल करताना वजन करून तारखेसह लिहून घ्या आणि दर महिन्याला करायला सांगा. जेवण नीट जातंय की नाही याबद्दल फोनवर सगळे "छान चाललंय" म्हणतात, घटलेलं वजन मात्र लपत नाही. पहिल्यांदा भेटायला दादा शनिवारी दुपारी जाणार आहे आणि मी मधल्या वारी ऑफिस सुटल्यावर, कुणालाही आधी न सांगता.